जाहिरात निघण्याआधीची नोकरी

मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री हातात पडलेला मुलगा नोकरी शोधतो म्हणजे काय करतो? दोन-तीन पोर्टलवर प्रोफाइल टाकतो, रोज सकाळी 'अप्लाय'चं बटण दाबतो आणि फोनची वाट बघत बसतो. आठवडाभरात त्याच जाहिरातीवर शेकड्यांनी अर्ज पडलेले असतात. मग तो म्हणतो, मार्केटच डाऊन आहे. मार्केट डाऊन असेलही, पण तो ज्या रांगेत उभा आहे ती सगळ्यात लांब रांग आहे, हेही तितकंच खरं.

या लेखासाठी उदाहरण घेतलंय पुण्याच्या वाहन उद्योगाचं. लातूर, बीड, सोलापूर, जळगावकडची मुलं दरवर्षी भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात येतात. त्यातल्या एकाला क्वालिटीत काम हवंय, असं धरून चालू. वाळूज, सातपूर-अंबड किंवा शिरोली-गोकुळ शिरगावात तपशील बदलतील, रीत तीच राहील.

सरकारी नोकरीला मात्र यातलं काहीही लागू नाही. तिथे जाहिरात, परीक्षा आणि निवड यादी एवढाच रस्ता आहे. 'आतून करून देतो' म्हणणारा तिथे ठगच समजायचा.

जागा तयार कशी होते

खासगी कारखान्यात जागेचा जन्म पोर्टलवर होत नाही, शॉप फ्लोअरवर होतो. लाइन क्वालिटीचा एक इंजिनिअर राजीनामा देतो. त्याचा नोटीस पिरियड महिना-दोन महिन्यांचा. पहिल्याच दिवशी ही गोष्ट त्याच्या विभागप्रमुखाला कळते, दुपारपर्यंत शेजारच्या टेबलावर कळते, संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये कळते. विभागप्रमुख एचआरकडे मागणी पाठवतो. ती मंजूर व्हायला दिवस जातात. दरम्यान तो स्वतःच विचारून बघतो: "कोणी चांगला पोरगा आहे का रे बघण्यात?" एखादा शिकाऊ उमेदवार डोळ्यासमोर असला, तर प्रश्न तिथेच मिटतो. नसला तर जुने रेझ्युमे चाळले जातात, कर्मचाऱ्यांकडून शिफारशी मागवल्या जातात, मग कन्सल्टंटला फोन जातो. एवढं करूनही माणूस मिळाला नाही, तरच जाहिरात.

म्हणजे जाहिरात वाचून अर्ज करणारा शेवटच्या पायरीवर येतो, तेही सगळ्यांबरोबर.

दुसऱ्या प्रकारची जागा नव्या कामातून निघते. कंपनीला नव्या पार्टची ऑर्डर मिळते, नवी लाइन टाकायची ठरते, मशिनं यायला सहा-आठ महिने असतात. या काळात माणसं लागणार हे उघड असतं. कोण लागणार, ते ठरलेलं नसतं. शोधणाऱ्याने पोहोचायचं ते इथे.

तळेगावचं उदाहरण बघा. जनरल मोटर्सने तिथलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. बंद पडलेला कारखाना पुन्हा उभा करायला वर्ष-दीड वर्ष तरी जाणारच, आणि कारखान्याबरोबर त्याला माल पुरवणाऱ्यांनाही माणसं लागणार, हे त्या दिवशी पेपर वाचणाऱ्या कुणालाही समजण्यासारखं होतं. किती जणांनी ती बातमी नोकरीची बातमी म्हणून वाचली असेल?

'मिळेल ते' असं म्हणू नका

"कुठलंही काम चालेल, सर" हे वाक्य नम्रतेचं वाटतं, पण ऐकणाऱ्याला त्याचं काहीच करता येत नाही. कुठे बसवायचं या माणसाला, हे त्यालाच ठरवावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

नुसतं 'क्वालिटी' म्हणणंही अपुरं आहे. इनवर्डला आलेला माल तपासणं वेगळं, लाइनवर उभं राहून दर तासाला रीडिंग घेणं वेगळं. फायनल इन्स्पेक्शन, कस्टमरच्या तक्रारींना उत्तर देणारं काम, सप्लायरकडे फिरण्याचं काम, स्टँडर्ड रूममध्ये सीएमएमवर मोजमाप करणं, ही सगळी वेगवेगळी माणसं असतात. लोकांशी बोलायला आवडत असेल आणि प्रवासाचा कंटाळा नसेल तर सप्लायर क्वालिटी; एका जागी बसून बारकाईने काम करायला आवडत असेल तर स्टँडर्ड रूम. एवढं तरी स्वतःशी ठरवा.

पोर्टलचा खरा उपयोग इथे होतो. हव्या त्या कामाच्या दहा-पंधरा जाहिराती काढा, अर्ज न करता फक्त वाचा, आणि कोणते शब्द परत परत येतात ते लिहून काढा. सेव्हन क्यूसी टूल्स, एमएसए, एफएमईए, पीपीएपी, एट-डी, ड्रॉइंगवरच्या जीडी अँड टीच्या खुणा, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं दर्जा व्यवस्थापनाचं मानक. यातलं काय येतं, काय येत नाही, याची यादी दहा मिनिटांत तयार होते. सगळं शिकून मगच बाहेर पडू, असं मात्र करू नका. ड्रॉइंग वाचता येणं आणि व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज हातात बसलेलं असणं ही पहिली अट. बाकीचं कामावर शिकवतात. प्रमाणपत्रांची चळत लावणाऱ्या मुलाला साधा मायक्रोमीटर वाचता आला नाही, की मुलाखत तिथेच संपते.

वीस कंपन्यांची यादी

आता कंपन्या. यादी करायला सांगितली की पहिल्या चार ओळी सगळ्यांच्या सारख्याच येतात: चाकणच्या बजाज, महिंद्रा, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन, फार तर पिंपरीची टाटा मोटर्स. रेझ्युमेंचा ढीगही तिथेच पडतो. पण गाडीचे बहुतेक सुटे भाग बाहेरून येतात. सीट एकाची, वायरिंग दुसऱ्याचं, कास्टिंग तिसऱ्याचं, त्यावरचं मशीनिंग चौथ्याचं. मोठ्या कंपनीला थेट माल देणारे टिअर-वन, त्यांना देणारे टिअर-टू, आणि त्यांच्याही खाली भोसरीच्या गाळ्यांमधले पंधरा-वीस माणसांचे वर्कशॉप. नव्या मुलाला सगळ्यात लवकर आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते मधल्या थरात, असं माझं मत आहे. दीडशे-दोनशे माणसांच्या कंपनीत क्वालिटीचा माणूस इनवर्डपासून कस्टमर ऑडिटपर्यंत सगळं बघतो. मोठ्या कारखान्यात तो दोन वर्षं एकाच स्टेशनवर उभा राहू शकतो.

ही नावं सापडतात कुठे? चाकण एमआयडीसीत एकदा दिवसभर फिरून पाट्या वाचल्या तरी निम्मी यादी होते. वाहन उद्योगाची प्रदर्शनं भरतात, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्येही भरतात. तिथल्या स्टॉलवर कंपनीचे लोक स्वतःहून माहिती द्यायलाच उभे असतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसईच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. त्यातली आकडेमोड सोडून द्या. नवा प्लांट कुठे, क्षमता कशाची वाढवतोय, नवीन ग्राहक कोण, एवढंच शोधा.

लिस्टेड नसलेल्या कंपनीसाठी एक साधी युक्ती आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. ईपीएफओच्या संकेतस्थळावर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' म्हणून सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिने कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला, ते दिसतं. वर्षभरात आकडा वाढत गेलाय की घटत, पैसे वेळेवर भरलेत की नाहीत, यावरून कंपनीची तब्येत कळते. मोठ्या बाता मारणाऱ्या कंपनीचा आकडा अकरावर अडकलेला दिसला, तर तेही कळतं.

वीस नावं पुरेत. दोनशे केलीत तर एकाही कंपनीबद्दल तुम्हाला काही माहीत नसेल.

"आमची ओळखच नाही"

वशिला आणि ओळख यांत आपण नेहमी गल्लत करतो. लायकी नसताना आत बसवतो तो वशिला. कुठे जागा आहे, कुणाला विचारायचं आणि तिथे काय लागतं, एवढंच सांगते ती ओळख. पहिल्याची लाज वाटायला हवी, दुसरीची वाटायचं काही कारण नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांचा अभ्यास करून १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की ज्याने खबर दिली, त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. वरचेवर भेटणारे निघाले सुमारे सतरा टक्के. बाकी सगळ्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडून. कारण उघड आहे. जिवलग मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. लांबचा माणूस लांबची बातमी आणतो. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्याचाही निष्कर्ष जवळपास हाच होता, एवढंच की अगदीच अनोळखी माणसापेक्षा बेताची ओळख असलेला माणूस जास्त उपयोगी पडतो.

आपल्या पट्ट्यात अशी माणसं कोण? कॉलेजचे तीन-चार वर्षं पुढचे विद्यार्थी आहेतच. पण त्याहून कामाची माणसं म्हणजे जी एका कंपनीत बसत नाहीत, दहा कंपन्यांत फिरतात. कटिंग टूल आणि इन्सर्ट विकणारा सेल्स इंजिनिअर. गेज कॅलिब्रेशनला नेणारा लॅबचा माणूस. सीएनसी मशिनांची सर्व्हिस करणारा. कुठल्या शॉपमध्ये चौथं व्हीएमसी आलं, कुठे तिसरी शिफ्ट सुरू झाली, कुठला क्वालिटी मॅनेजर माणसं मिळत नाहीत म्हणून वैतागलाय, हे त्यांना तोंडपाठ असतं. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरला विचारा. यातला एखादा त्यांच्या ओळखीचा हमखास निघतो. कॉट बेसिसवर एकाच खोलीत राहणारे सहा जण सहा कंपन्यांत जात असतील, तर तीही सहा दारंच आहेत.

मेसेज कसा लिहायचा

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम फ्रेशर, प्लीज गिव्ह मी एनी जॉब इन युवर रेप्युटेड कंपनी." असे मेसेज क्वालिटी मॅनेजरला रोज येतात आणि तो ते उघडतही नाही. त्याऐवजी असं काही लिहून बघा:

"नमस्कार सर. मी यंदा शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. प्रोजेक्टसाठी भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये बुशच्या रिजेक्शनचा अभ्यास केला. इन्सर्ट बदलल्यावर पहिले काही पार्ट बोअरला ओव्हरसाइज येत होते, कारण जुन्या इन्सर्टच्या झिजेपोटी दिलेला ऑफसेट तसाच राहत होता. रीडिंगचा चार्ट सोबत जोडला आहे. तुमच्याकडे ब्रेकच्या पार्टचं मशीनिंग होतं, असं वाचलं. नव्या माणसाकडून तुमच्या विभागात पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षित असतं, हे समजून घ्यायला दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?"

यात नोकरी मागितलेली नाही. नोकरी मागितली की समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात 'नाही' एवढंच असतं. माहिती मागितली की तो बोलतो. आपल्या कामाबद्दल बोलायला न आवडणारा इंजिनिअर मी तरी पाहिलेला नाही. आणि बोअरच्या ऑफसेटबद्दल लिहिणाऱ्या मुलाचा नंबर तो सेव्ह करून ठेवतो, जागा असो वा नसो.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत? समोरचा मराठी असेल तर मराठीत बिनधास्त लिहा. मोडक्या इंग्रजीपेक्षा नीट मराठी कधीही बरी. रेझ्युमे इंग्रजीत, एका पानाचा. 'हॉबीज: लिसनिंग म्युझिक' काढून टाका.

वेळेचंही भान ठेवा. महिनाअखेर डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कुणी उत्तर देणार नाही. पिंपरी-भोसरीत बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, तेव्हा गुरुवारी गेटवर जाऊन उपयोग नाही. तसाही गेटवर दिलेला रेझ्युमे सिक्युरिटी केबिनच्या ड्रॉवरमध्ये राहण्याचीच शक्यता जास्त. आत ज्याला भेटायचं त्याचं नाव आणि ठरलेली वेळ सांगता आली, तरच रजिस्टरमध्ये नोंद होऊन पास मिळतो.

उत्तर आलं नाही तर आठवड्या-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, फार तर दोनदा. त्यापुढे पाठपुरावा म्हणजे पिच्छा.

शिकाऊ उमेदवारीचं दार

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत, असा नियम आहे. म्हणजे तुमच्या यादीतल्या जवळपास प्रत्येक कंपनीला दरवर्षी असे उमेदवार लागतात. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी एनएटीएसचं पोर्टल, आयटीआयवाल्यांसाठी मुख्यतः एनएपीएसचं. नोंदणी पोर्टलवर करायची, पण कंपनी तुम्ही शोधून, तिथे बोलून, मग पोर्टलवरून अर्ज करायला कुणाची ना नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यातही आयटीआय-डिप्लोमाला महिना ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं.

शिकाऊ म्हणून गेलेल्याला नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. मात्र उमेदवारी पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपलं धोरण ठरवावं, असं याच कायद्याचं बाविसावं कलम म्हणतं. तेव्हा सही करण्याआधी सरळ विचारा की मागच्या बॅचमधल्या किती जणांना घेतलं. उत्तर टाळलं तर समजून जा. वर्षभर पार्ट उचलून ठेवायचं काम करून घेणाऱ्या कंपन्या आहेत, आणि पहिल्याच महिन्यात कंट्रोल चार्ट हातात देणाऱ्याही आहेत. कोणत्या विभागात बसवणार, हे स्टायपेंडच्या हजार-दोन हजारांपेक्षा महत्त्वाचं आहे.

ठेकेदाराच्या पे-रोलवर जायची वेळ आली तर तीन गोष्टी विचारा: नेमणूकपत्र कुणाच्या नावाने, पीएफ कोण भरणार आणि अनुभवाचं पत्र कोण देणार.

पैसे मागितले की विषय संपला

चाकण-भोसरीच्या चौकात खांबाखांबावर 'डायरेक्ट जॉइनिंग'च्या चिठ्ठ्या लागलेल्या असतात. खाली मोबाइल नंबर, फोन केला की रजिस्ट्रेशन फी, मग युनिफॉर्मचे पैसे, मग मेडिकलचे. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ऑफर लेटर जीमेलवरून आलं असेल, मुलाखत न घेताच निवड झाली असेल, किंवा मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगत असतील, तर पाऊल मागे घ्या. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता कमी.

आखाताकडे जायचं असेल तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला एजंटच गाठा. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो.

वही आणि वेळापत्रक

वीस कंपन्या, प्रत्येकीला एक पान. कधी लिहिलं, कोणाशी बोललो, त्याने काय सांगितलं, पुढचा फोन कधी. तीन-चार जणांशी बोलणं झालं की एक बदल दिसायला लागतो: पाचव्या माणसाशी तुम्ही विद्यार्थ्यासारखं बोलत नाही. पहिल्याने वापरलेला शब्द तिसऱ्याशी बोलताना तुमच्या तोंडी येतो. मुलाखतीची याहून चांगली तयारी कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

सुरुवात कधी करायची, हे सांगून थांबतो. बहुतेक कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि नव्या वर्षात किती माणसं घ्यायची, याचा आराखडा जानेवारी ते मार्चमध्ये होतो. तुमची शेवटच्या सत्राची परीक्षा उन्हाळ्यात असेल, तर निकालाची वाट बघत बसू नका. यादी डिसेंबरात करा आणि पहिला मेसेज जानेवारीत पाठवा.